शोकाच्या घरी पुन्हा फुलबाग

घरात मृत्यू झाला म्हणजे पुष्कळ गोष्टी थांबतात. गाणे थांबते, गोडधोड थांबते, सणाला दारात रांगोळी पडत नाही. यांपैकी बऱ्याच गोष्टी सहा महिन्यांत, वर्षात आपोआप सुरू होतात. परंतु अंगणातील फुलझाडांचे तसे होत नाही. पाणी घालणारा हात एकदा थांबला की झाडे वाळतात, डबे उपडे होतात आणि ती जागा ओसाड राहते. त्यातही बाग घरातील स्त्रीने राखलेली असेल आणि मृत्यू तिच्या पतीचा असेल तर शेजारीण सहज बोलून जाते, "आता फुलं कुणासाठी लावायची?" काही दिवसांनी ती स्त्री हाच प्रश्न स्वतःला विचारू लागते.

या प्रश्नाचा विचार उपासक-उपासिकांनी नीट केला पाहिजे. शोकाच्या घरी बाग पुन्हा लावणे म्हणजे गेलेल्या माणसाला विसरणे नव्हे. घरातील लहान लेकराला सोबत घेऊन हे काम केले, तर मोठ्याला आधार मिळतो आणि लेकराला मृत्यूविषयी खरे उत्तर मिळते. हे कसे घडते ते क्रमाने पाहू.

शोकग्रस्ताला काम हवे

किसा गोतमीची कथा आपणा सर्वांस ठाऊक आहे. परमपूज्य बाबासाहेबांनीही ती 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात घेतली आहे. मेलेले मूल कडेवर घेऊन गोतमी औषध मागत आली. तथागतांनी तिला ज्या घरी कोणीही मेलेले नाही अशा घरून मोहरीचे दाणे आणावयास सांगितले. कथेचे तात्पर्य आपण नेहमी सांगतो की मृत्यू सर्वांना आहे. पण तथागतांनी ते तात्पर्य तिला आधी सांगितले नाही, याकडे आपले लक्ष जात नाही. त्यांनी तिला काम दिले. तिचे पाय चालते झाले, ती दारोदार गेली, माणसांशी बोलली आणि जे कळावयाचे ते तिला स्वतःच्या अनुभवाने कळले. त्या वेळी कोणी प्रवचन दिले असते तर ते तिच्या कानात शिरले नसते.

आपल्या समाजाच्या दृष्टीने या गोष्टीला आणखी एक महत्त्व आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. ती योग्यच आहे, कारण पिंडाने मृताचे पोट भरत नाही आणि जिवंताच्या खिशाला मात्र भोक पडते. परंतु जुन्या विधींनी शोकग्रस्त माणसाचे तेरा दिवस कशात तरी गुंतवून ठेवले होते, हेही खरे आहे. विधी गेला आणि रिकामे हात उरले. आपल्याकडे जलदान विधी होतो, पुण्यानुमोदन होते, पाहुणे जेवून जातात. त्यानंतरचे महिने रिकामेच असतात. त्या रिकाम्या हातांना नवी अंधश्रद्धा नको, तर उघड्या डोळ्यांनी करावयाचे काम हवे. फुलबाग हे असे एक काम आहे.

झाडांच्या सहवासाने माणसाला आराम पडतो, याला अभ्यासाचाही दुजोरा आहे. रॉजर उलरिक या संशोधकाने १९८४ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्यातील एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्याने तपासल्या. २३ रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती आणि २३ जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधे कमी लागली. हा अभ्यास शरीराच्या दुखण्याचा आहे, शोकाचा नाही, हे लक्षात ठेवावे. तथापि नुसत्या पाहण्याने इतका फरक पडत असेल, तर स्वतःच्या हाताने झाड वाढविण्याचा गुण काय असेल याचा अंदाज करता येतो.

फूल कोणाचे?

'फुले कुणासाठी' या प्रश्नाच्या मुळाशी एक रूढी आहे. पती गेला की स्त्रीने कुंकू पुसावे, बांगड्या फोडाव्यात, केसांत फूल माळू नये, ही ती रूढी. फूल हे सौभाग्याचे लेणे मानले गेले, म्हणजे स्त्रीला फूल मिळणार ते नवऱ्याच्या जिवावर. ही समजूत धम्मातील नव्हे. आपल्या अनेक घरांतून बांगड्या फोडणे बंद झाले, पण फूल मात्र न सांगता, न बोलता काढून घेतले जाते.

कोणी म्हणेल की अष्टशीलात माळा, गंध, विलेपन वर्ज्य करण्यास सांगितलेच आहे. होय, सांगितले आहे. पण ते उपोसथाच्या दिवशी अष्टशील घेणाऱ्या प्रत्येकासाठी आहे. पुरुष, स्त्री, विवाहित, विधवा असा भेद त्यात नाही, आणि ते स्वेच्छेने घेतलेले शील आहे. विधवेवर लादलेली बंदी आणि उपोसथाचे शील या दोन गोष्टींची गल्लत करणे अज्ञानाचे लक्षण होय.

बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानले त्या महात्मा जोतीराव फुल्यांचे घराणे मूळचे गोऱ्हे. पेशव्यांना फुले पुरविण्याच्या व्यवसायामुळे त्यांना फुले हे आडनाव मिळाले. फुलांवरून नाव मिळालेल्या याच घरात जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि फसविल्या गेलेल्या विधवांना आसरा दिला. तेव्हापासून दीडशेहून अधिक वर्षे गेली. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना तसे करण्याचे आवाहन केले. २०२२ साली असा ठराव करावा लागला, यावरूनच ही रूढी किती चिवट आहे ते कळते. ठराव गावाने करावा हे ठीक, परंतु रूढी मोडावयाची ती प्रत्येकीच्या स्वतःच्या अंगणात.

अक्काची बाग

येथे माझ्या थोरल्या बहिणीचे उदाहरण देतो. आम्ही तिला अक्का म्हणतो. तिचे यजमान एका जानेवारी महिन्यात वारले. वस्तीतील दोन खोल्यांचे घर आणि समोर चार हात रुंदीची पट्टी, एवढीच तिची जागा. त्या पट्टीत तिने अर्ध्या कापलेल्या पिंपात मोगरा लावला होता, तेलाच्या डब्यांत शेवंती होती आणि भिंतीच्या कडेला गुलबक्षी. दाजी गेल्यावर तिने पाणी घालणे सोडले. उन्हाळ्यात शेवंती मेली, मोगऱ्याच्या काड्या झाल्या आणि गुलबक्षीचा मागमूस राहिला नाही. आम्ही भावंडे जात होतो, बोलत होतो. ती "बरी आहे" म्हणे आणि संध्याकाळ झाली की उंबऱ्यावर बसून राही. दाजींची कामावरून येण्याची ती वेळ होती.

जूनमध्ये तिच्या लेकीची पाळीची नोकरी लागली म्हणून साडेचार वर्षांची नात तिच्याकडे राहावयास आली. पहिले दोन-तीन पाऊस झाले आणि भिंतीच्या कडेला कोवळे कोंब दिसू लागले. पोरीने ते पाहिले आणि विचारले, "आज्जी, हे कुणी लावलं?"

"तुझ्या आजोबांनी लावलं होतं."

"मग आजोबा रात्री आले होते?"

अक्काने मला नंतर सांगितले की त्या क्षणी "हो" म्हणणे फार सोपे होते. पण ती म्हणाली, "नाही गं. आजोबा मेले. ते येत नाहीत. ह्याचं मूळ मातीत जिवंत होतं. पाणी मिळालं, आलं वर."

पोरीला ते पटेना. मग अक्काने कित्येक महिन्यांनी खुरपे हातात घेतले, एका कोंबाभोवतीची माती उकरली आणि आत दडलेले जाड मूळ तिला दाखविले. पुन्हा माती लोटली. पोर म्हणाली, "पाणी घालू?" अशा रीतीने त्या घरी बाग पुन्हा सुरू झाली. कोणी ठरवून केले नाही.

गुलबक्षीचे फूल दुपार कलल्यावर उमलते आणि सकाळपर्यंत मिटते. त्यामुळे झाडे फुलू लागली तशी संध्याकाळी उंबऱ्यावर बसण्याच्या वेळेला आजी-नातीला काम मिळाले. आज किती उमलली ते मोजावयाचे, कालची गळालेली वेचावयाची. दुःख गेले असे नाही. त्याच वेळेला आता दुसरेही काही होते, इतकेच.

मूळ आणि बी यांतील फरक

अक्काने दिलेले उत्तर धम्माच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. शोकाच्या घरी लेकरू असले की मोठी माणसे त्याला "आजोबा देवाघरी गेले", "झोपले", "गावाला गेले", "चांदणी झाले" असे काहीबाही सांगतात. साधारण पाच वर्षांखालील मुलाला मरण ही परत न फिरणारी गोष्ट आहे हे नीट उमगत नाही. अशा मुलाला "झोपले" म्हटले तर त्याला झोपेची भीती बसू शकते, आणि "गावाला गेले" म्हटले तर ते वाट पाहत राहते. प्रेमापोटी सांगितलेले असत्यही असत्यच असते.

बागेत एक धोका मात्र आहे. झाड पुन्हा फुटलेले पाहून मुलाला वाटेल की मेलेले सर्वच परत येते. किंबहुना मोठ्यांनाही तसे म्हणण्याचा मोह होतो की पाहा, आजोबा फुलाच्या रूपाने आले. धम्म अनात्मवादी आहे. आत्मा एका शरीरातून निघून दुसऱ्यात शिरतो, मग ते शरीर झाडाचे का असेना, हे आपण मानीत नाही. म्हणून बागेत दोन प्रकारची झाडे शेजारी शेजारी लावावीत आणि फरक दाखवावा.

पहिले झाड गुलबक्षीचे. तिचा वरचा भाग वाळला तरी जमिनीतील मूळ जिवंत राहते. म्हणजे ती मेलेलीच नव्हती. ती परत आली नाही, ती तेथेच होती.

दुसरे झाड झेंडूचे. ते बियांपासून वाढते, फुलते, बी धरते आणि मरते. उपटून पाहिले तर मूळही मेलेले. ते झाड पुन्हा येत नाही. त्याचे बी पेरले तर उगवते ते दुसरे झाड. ते पहिल्यामुळे झाले, पण ते पहिले नव्हे.

माणूस झेंडूसारखा आहे, हे मुलाला हळूहळू कळते. आजोबा येणार नाहीत. पण आजोबांनी शिकविलेले, केलेले, जपलेले पुढे चालते. साडेचार वर्षांच्या पोरीला हे एका दिवसात कळणार नाही. तिने पुढे पाच-सहा वेळा तोच प्रश्न विचारला आणि अक्काने तेच उत्तर दिले. तेच खरे उत्तर पुन्हा पुन्हा देताना अक्काला स्वतःलाही ते ऐकावे लागले. लेकराच्या सोबतीचा गुण येथे आहे. एकट्या माणसाला स्वतःपासून सत्य लपविता येते. लेकरू मात्र विचारीत राहते.

रोप मेले तर

बाग केली की रोपे मरणारच. नातीने झेंडूच्या वाफ्यात हौसेने दिवसातून चार वेळा पाणी ओतले. डब्याची भोके मातीने बुजली होती, पाणी साचले आणि रोपे बुंध्याशी कुजून आडवी झाली. पोर रडली आणि म्हणाली, "मी मारलं का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. लहान मुले कित्येकदा घरातील मृत्यूचे कारण स्वतःकडे घेतात. आपण हट्ट केला, आपण रागावलो म्हणून माणूस गेले, असे त्यांना वाटते आणि ती ते बोलून दाखवीत नाहीत. रोपाच्या निमित्ताने ते बोलले जाते. तेव्हा कारण दाखवावे. पाणी का साचले, भोक कोठे बुजले, मूळ कसे काळे पडले, हे डबा उपडा करून दाखवावे. जे घडते ते कारणांनी घडते, कोणाच्या शापाने वा पापाने नव्हे, हा प्रतीत्यसमुत्पादाचा पहिला धडा आहे. कारण कळले की पुढच्या वेळी हात सुधारतो. नुसता दोष दिला तर हात आखडतो. "आजोबा कशाने गेले?" असे पोरीने विचारले तर त्यालाही असेच साधे उत्तर द्यावे. त्यांचे हृदय आजारी होते, डॉक्टरांनी प्रयत्न केले, ते थांबले. तुझ्यामुळे नव्हे.

तथागतांनी लहानग्या राहुलास सत्याचा उपदेश केला तो भांड्यात उरलेले थोडे पाणी दाखवून. पुढे त्याच राहुलास त्यांनी पृथ्वीसारखे होण्यास सांगितले. पृथ्वीवर स्वच्छ टाका, अस्वच्छ टाका, ती त्याने त्रासत नाही. गळालेली फुले, वाळकी पाने आणि शेण कुजून त्यांचे खत कसे होते, हे ज्या लेकराने पाहिले आहे त्याला हा उपदेश मोठेपणी समजावून सांगावा लागणार नाही.

प्रत्यक्ष लागवड

आता कामाचे सांगतो. जागा नाही ही अडचण खरी नव्हे. तेलाचा रिकामा डबा पुरतो. त्याच्या बुडाला जाड खिळ्याने सात-आठ भोके पाडावीत, भोकांवर फुटक्या कौलाचे तुकडे ठेवावेत आणि दोन वाटे माती, एक वाटा चांगले कुजलेले शेणखत मिसळून भरावे. वर चार बोटे जागा सोडावी.

झेंडू जून-जुलैमध्ये पेरावा. वाळलेल्या फुलाच्या पाकळ्या ओढल्या की तळाशी काळे, लांबट बी निघते. लेकराच्या बोटांना हे काम उत्तम जमते. बी अगदी वरवर पेरावे. ते साधारण आठवड्यात उगवते, त्यामुळे मुलाला फार वाट पाहावी लागत नाही. महिन्याने शेंडा खुडला की फांद्या फुटतात. दोन-अडीच महिन्यांत फूल येते. म्हणजे जूनअखेर पेरलेला झेंडू धम्मचक्र प्रवर्तन दिनाला घरच्या वंदनेला मिळतो.

गुलबक्षीचे बी मिऱ्यासारखे काळे असते. ते बोटाच्या पेराइतके खोल टोचावे. शेवंतीच्या बुंध्याशी फुटलेले कोंब मुळांसह वेगळे करून लावावेत. रात्री मोठ्या होऊ लागल्या की ती फुलते. मोगऱ्याची छाटणी थंडीत करावी. मार्चपासून कळ्या येतात आणि वैशाख पौर्णिमेला फूल हाती असते.

एक गोष्ट काटेकोरपणे पाळावी. कण्हेर, बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर आणि धोतरा ही झाडे विषारी आहेत. लहान मूल असलेल्या घरी ती लावू नयेत. गुलबक्षीचे बी आणि मूळही पोटात जाऊ देऊ नये. बी हाताळताना मोठ्याने जवळ बसावे आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत.

लेकराला स्वतःचा एक डबा आणि लहान तांब्या द्यावा. त्याच्या डब्यात आपण हात घालू नये. वाकडे लावले तरी लावू द्यावे.

मर्यादा ओळखावी

लेकरू हे आपल्या शोकाचे औषध नव्हे. त्याच्या खांद्यावर आपले रडणे ठेवू नये. त्याच्यासमोर डोळ्यांत पाणी आले तर "मला आजोबांची आठवण आली" एवढे सांगावे आणि काम चालू ठेवावे. त्याला बागेचा कंटाळा आला तर खेळावयास जाऊ द्यावे.

तसेच बाग म्हणजे वैद्य नव्हे. झोप आणि भूक महिनोन् महिने गेली असेल, जगणे नको असे वाटू लागले असेल, तर विनासंकोच डॉक्टरांकडे जावे. त्यात कमीपणा नाही. आजारी भिक्खूची शुश्रूषा तथागतांनी स्वतःच्या हाताने केली, हे आपण विसरू नये.

वंदनेतील फूल

बुद्धमूर्तीपुढे आपण फूल ठेवतो ते बुद्धाला प्रसन्न करण्यासाठी नव्हे. पुष्पपूजेच्या गाथेचा अर्थच असा आहे की हे फूल जसे कोमेजते तसेच हे शरीर विनाशाकडे जाते. विकत आणलेल्या फुलाने ही गाथा म्हणता येते. पण ज्या हाताने ते फूल पेरले, वाढविले आणि सकाळी खुडले, त्या हाताला तिचा अर्थ अधिक कळतो.

अक्काने पहिल्या वर्षाच्या पुण्यानुमोदनानंतर मोगऱ्याच्या काड्या छाटल्या. मार्चमध्ये त्याला कळ्या आल्या. नातीने दोऱ्यात पाच कळ्या ओवल्या, तीन बुद्धापुढे ठेवल्या आणि दोन आजीच्या केसांत खोचल्या. अक्का तशीच विहारात गेली. दोघीतिघींनी पाहिले, एक बोललीही. अक्काने फूल काढले नाही.

हा प्रसंग लहान आहे. पण दीक्षा घेतल्याने धर्म बदलतो आणि रूढी मात्र घराच्या कोपऱ्यात बसून राहते, हे आपण रोज पाहतो. ती अशाच लहान प्रसंगांनी बाहेर जाईल. म्हणून वाचकांना विनंती आहे की आपल्या ओळखीच्या ज्या घरी शोक झाला आहे, तेथे या पंधरवड्यात जावे. जाताना उपदेश नेऊ नये. मूठभर झेंडूचे बी, भोके पाडलेला एक डबा आणि त्या घरच्या लेकरासाठी एक लहान खुरपे न्यावे. घरातील स्त्रीला विचारावे, "डबा कुठं ठेवू, उन्हात की सावलीत?" तिने जागा दाखविली की मग पहिली मूठ माती लेकराच्या हाताने घालावी.